सहावं प्रकरण

संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक विश्वास दिघे यांनी दोन हजार नऊ साली आपलं पाठ्यपुस्तक इंटरनेटवर मोफत ठेवलं. 'कोणीही छापा, वाटा, हवं तर बदला,' असं पहिल्याच पानावर लिहून दिलं. त्यात बदलण्यासारखं कुणाला काही सापडेल, असं मात्र त्यांना वाटलं नव्हतं. पाच वर्षांनी सयाजीगंजात झेरॉक्सच्या रांगेत त्यांच्यापुढे गुजराती वळणाचं मराठी बोलणाऱ्या दोन तरुण प्राध्यापिका उभ्या होत्या. त्यांतल्या मृदुलाच्या हातात दिघे सरांचंच पुस्तक होतं, पण बरंच रोडावलेलं.

"मुग्धा, निम्मं तर मी काढूनच टाकलं."

"काय काढलंस?"

"विनोद."

"अगं, लेखकाला राग नाही यायचा?"

"त्यांनीच लिहिलंय ने, बदला म्हणून! सज्जन असणार बिचारे. पण सहावं प्रकरण, बापरे! तीनदा शिकवलं आणि तिन्हीदा मीच रडकुंडीला आले. शेवटी शेवउसळीच्या गाड्यांची उदाहरणं घालून सगळं नव्याने लिहिलं. यंदा वर्गात एकच नापास."

"आणि गेल्या वर्षी?"

"सव्वीस."

दिघे सरांनी घसा खाकरला.

"बाई, माझ्यासाठीही एक प्रत काढता?"

"हो, काढते ने! तुम्हीपण हा विषय शिकवता का, सर?"

"छत्तीस वर्षं शिकवला. पुस्तकही लिहिलं. हेच."

मृदुलाचा चेहरा उतरला.

"सर, ते विनोद मी..."

"विनोदांचं राहू द्या. मला सहावं प्रकरण तेवढं द्या. लिहिताना मलाही ते नीट कळलं नव्हतं."