मोटरीचं झाकण

“हॅलो?... हॅलो... कोन, भटू?... हां, मीच. तुन्ही माय बोली ऱ्हायनी... जोरमा बोल भाऊ. दूरथून ई ऱ्हायना तुन्हा आवाज.”

शांतीबाईनं जन्मात पहिल्यांदाच टेलिफोन हातात घेतला होता. पावसाळ्याचे दिवस, त्यामुळे नंदुरबारचं ते कापसाचं जिन बंद होतं. यंत्रं झाकून ठेवलेली, आवार ओलंचिंब आणि रिकामं. मॅनेजर करणसिंग ओळखीचे. कोणतं टोक कानाशी धरायचं आणि कोणत्या तोंडाशी बोलायचं, हे त्यांनी तिला दाखवलं आणि ते खिडकीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

मुंबईला तार त्यांनीच केली होती. ‘मुलगी झाली. जिनात फोन कर.’ एवढंच. त्यापुढचं लिहू का, असं त्यांनी विचारलं होतं, तेव्हा शांतीबाई नको म्हणाली होती. ते कागदावर जायला नको, मी माझ्या तोंडानं सांगेन, म्हणाली होती.

“हां, पोर व्हयनी... गोरी शे... नाक? नाक तुन्हं शे, आखो कोनं ऱ्हाई?... कमल बरी शे. दवाखानामाच शे आते. डाक्टरीनबाई चांगली शे, तीच देखस दोन्हीस्ले... नही, नही. जिवाले धोका नही. टळना तो.”

पलीकडे भटू हसत होता. हसता हसता एकावर एक विचारत होता. बाळाच्या बापाला तेवढंही करू द्यावं, म्हणून ती थांबली.

“काय?... झाकन?... हां. चांगलं शे. पानी नही गयं मधमा. एक थेंब नही गया... हां, कल्लास्नी हवा बराबर जास... तुन्हा बाप सांगेत ना सगळा गावले. मन्हा पोऱ्यानी कयं, मन्हा पोऱ्यानी कयं...”

तिचा आवाज अडला. भटूला वाटलं, फोनच अडला. तो ‘हॅलो, हॅलो’ करत राहिला.

त्या झाकणापायी बापलेकांनी काय कमी डोकं खाजवलं होतं? शांतीबाईचं गाव तापीच्या पल्याड, शहाद्याच्या अंगाला. नदी फुगली की वल्ह्याची नाव घालायला कुणी धजत नसे. आजारी माणूस घरातच तळमळत पडे आणि पाणी उतरायची वाट पाही. लढाई संपल्यावर मुंबईत लष्कराचं सामान विकायला निघालं. भटू गोदीतल्या एका कारखान्यात फिटर होता. नावेच्या मागच्या फळीला अडकवायची एक मोटर त्यानं तिथून मिळवली आणि आगगाडीतून गावी आणली. मोटर धडधाकट होती, पण बोडकी. तिचं वरचं कवच कुठंतरी लढाईतच राहिलं होतं. पाऊस लागला की ती फुरफुरून बंद पडायची.

दोधूनं, म्हणजे भटूच्या बापानं, रॉकेलचा डबा कापून तिच्यावर उपडा बसवला. आता पाऊस लागेना, पण हवाही मिळेना. मोटर आतल्या आत गुदमरायची, तापून हात लावू देत नसे. भोकं पाडली तर पाणी जाई, बुजवली तर ऊब कोंडे. उन्हाळ्यात भटू सुट्टीवर आला, तेव्हा दोघं ओट्यावर कोळशानं रेघा ओढत बसायचे, पुसायचे, पुन्हा ओढायचे. शांतीबाई ताटं वाढून हाका मारून दमायची.

मग जेठ सरता सरता मुंबईहून रेल्वेच्या पार्सलानं झाकण आलं. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं, हलकं, गोलसर. दोन्ही अंगांना माशाच्या कल्ल्यांसारख्या, मागे तोंड असलेल्या फटी. त्यातून वारा शिरे, पाऊस नाही. मोटर थंड ठेवायला नदीचं पाणी जिथून ओढलं जातं, त्या तोंडासाठी पितळी जाळीही सोबत होती. दोधूनं ते झाकण हातात घेऊन किती वेळ नुसतं फिरवून पाहिलं. नंतर गावातला जो येई, त्याला तो ते दाखवी. नदीवरून परतला की ते काढून घरात आणी आणि धोतराच्या सोग्यानं पुसून कोनाड्यात ठेवी.

“हां, आयकू ई ऱ्हायनं... शे, फोन चालू शे... बाप?... नही, त्या आठे नहीत.”

“नदीवरबी नहीत... भटू, तू उभा शे का बठेल शे?... सांग ना. बठ पहिले... कोठेबी बठ. बठना?”

नदीकाठावरून बैलगाडीतून येताना तिनं मनात कितीतरी वाक्यं जुळवली होती. आधी पुराचं सांगायचं, मग नावेचं, मग हळूहळू बाकीचं. त्यातलं एकही आता जवळ उरलं नव्हतं.

“तुन्हा बाप नही ऱ्हायनात, भाऊ.”

तिनं डोळे मिटले. कानात नुसती खरखर होती.

“हां... हां. तापीमा... शुक्रवारले. कमलले लयी येतांना... नही. वाट देखता नही उनी तुन्ही. दुसरा दिन सापडनात, खाले, वाळूमा. आंग ठेवासारखं नव्हतं... तुन्हा अल्याडना चुलतभाऊनी दिन्हा अग्नीडाग... मले समजस. समजस रे, मन्हा पोरा. तुन्हा हात पाहिजे व्हता. पन काय करती मी?”

शुक्रवारी सकाळपासून कमलच्या कळा अडल्या होत्या. दुपारपर्यंत सुईणीनं हात टेकले. नदीला पूर होता, तरी दोधूनं दुसरा विचार केला नाही. रेवजी नावाडी बांबू घेऊन पुढे उभा राहिला, दोधू मागे मोटरीपाशी बसला आणि शांतीबाई ताडपत्रीखाली सुनेचं डोकं मांडीवर घेऊन बसली. सगळा वेळ तिला सुनेचं कण्हणं आणि मोटरीचा आवाज एवढंच ऐकू येत होतं. अल्याड काठाला लागता लागता धक्का बसला, रेवजी ओरडला, आणि ताडपत्री सारून ती बाहेर पाहते तो मागची फळी रिकामी.

रेवजीनं नाव काठाला लावली, कमलला लोकांच्या हवाली केलं आणि मग पाण्यात उडी घेतली. फार उशीर झाला होता.

“पाय सरकना त्यास्ना... हां. ओली फळी व्हती. पाय सरकना.”

गावालाही एवढंच ठाऊक होतं. खरं काय ते पाहिलं होतं एकट्या रेवजीनं. चिता विझल्यावर तो शांतीबाईला बाजूला घेऊन बोलला होता आणि हे भटूच्या कानावर कधीच जाऊ नये, असं दोघांनी ठरवलं होतं.

“मोटर?... मोटर चालू व्हती... तपनी व्हती, हां... कसाले इचारस आते ते?... झाकन नव्हतं तिनावर... काढं व्हतं त्यास्नी...”

बोलून गेल्यावर तिच्या ध्यानात आलं की पलीकडे एक फिटर आहे. त्यानं लगेच जोडून घेतलं होतं. मोटर तापली, म्हणून झाकण काढलं. म्हणजे हवा पुरली नाही. म्हणजे फटी लहान पडल्या. तो तेच पुन्हा पुन्हा बोलत होता, आणि बोलता बोलता त्याचा आवाज लहानपणीसारखा चिरकत होता.

“नही रे... फटीस्ना काय दोस?... नही, लहान नव्हत्यात... भटू... आयक ना. तसं नको बोलू... तू नही मारं कोनले. आयक मन्हं.”

तो ऐकत नव्हता. शांतीबाईनं रिसीव्हर दोन्ही हातांनी घट्ट धरला. पाय सरकला, एवढ्यावर थांबावं तर हा जन्मभर त्या फटी मोजत बसणार. खरं सांगावं, तर तेही त्याला लागणारच. कमी दुखेल असं तिच्याजवळ काहीच नव्हतं. खरं तेवढं होतं.

“गप. आते मी सांगस ते आयक... झाकननी काही कयं नही. गाळ व्हता. पुरनं पानी, निस्ता चिखल. ती जाळी भरी गयी आनि मोटरमधून पानी पडानं बंद व्हयनं. म्हनीसन तपनी... हां, जाळी. वरनं झाकन नही... मंग त्यास्नी झाकन काढं, गुडघामा दाबी धरं, आनि लोटावरी मोटरवर पानी वतत ऱ्हायनात. वाफ उठे. हात भाजनात त्यास्ना. मी देखात ते हात, नंतर... पन मोटर बंद नही पडू दिन्ही. मधधारमा बंद पडती तर आम्ही कोनीच नही ऱ्हातूत. तुन्ही पोरबी नही ऱ्हाती.”

खिडकीपाशी करणसिंग हलले, पण वळले नाहीत.

“काठ जोडे उना व्हता. पुरमा एक झाड वाही उनं, ते नावले ठोकायनं... झाकन गुडघामाथून सटकनं. पान्यामा पडनं.”

“त्यास्नी ते धराले हात टाका, भटू.”

“रेवजीनी देखं. जाऊ द्या भाऊ, म्हने तो. पन त्यास्ले ते जाऊ देता नही उनं... हां. तुन्हं व्हतं म्हनीसन.”

इतके दिवस ती रडली नव्हती. आताही तिच्या आवाजात रडणं नव्हतं. फक्त शब्द एकेक करून बाहेर येत होते.

“मी तुले हाई सांगनार नव्हती. पन तू खोटा दोस लई ऱ्हायना व्हता आंगवर... चांगलं व्हतं तुन्हं झाकन. त्यास्ले भलतं आवडे. एवढंच व्हयनं.”

मध्येच फोन जोडून देणाऱ्या बाईचा आवाज इंग्रजीत काहीतरी म्हणाला. शांतीबाई दचकली.

“कोन?... नही, आखो बोलनं शे... भटू, शे का तू?... आयक, सकायनी गाडी धर. सूरतवरथून ये. आम्ही आठेच ऱ्हासूत, नंदुरबारले. तू उना का मंग सगळा संगेच पल्याड जासूत... वल्हावर. पानी उतरू दे, रेवजी लयी जाई... तुन्हाशिवाय मी नदी नही उतरस आते.”

पलीकडून शब्द येणं थांबलं होतं. नुसतं रडू येत होतं. तोंडावर हात दाबून माणूस रडतो तसं, तुटक.

“रड. रडी ले. मी आठेच शे.”

तिनं रिसीव्हर कानाशी आणखी दाबला. करणसिंगांनी वळून, बोला, बोला, अशी खूण केली. फोनची ठरलेली वेळ संपत आली होती. तिनं नकारार्थी मान हलवली. मुंबई ते नंदुरबार एवढ्या लांबीच्या तारेवरून ती मुलाचा श्वास ऐकत बसली. तो आत ओढलेला कळे, सोडलेला कळे. मग खट् असा आवाज झाला आणि तोही नाहीसा झाला.

“हॅलो?... भटू?... हॅलो?”

करणसिंगांनी तिच्या हातून रिसीव्हर घेतला, क्षणभर कानाला लावला आणि हळूच जागेवर ठेवला. त्यांनी पुढे केलेलं पाणी तिनं घेतलं, पदर सारखा केला, दवाखान्यात जायला उठली. दारापर्यंत गेल्यावर तिच्या लक्षात आलं, तिथं त्याच्याजवळ कुणी आहे का, हे विचारायचंच राहून गेलं होतं.