गिटारला पॉलिश

कितीही हसा, मी या जुन्या टेबलाला पॉलिश करणार नाही. एकदा करून बसलोय, मद्रासला, काकांच्या एग्मोरच्या घरी.

माझे दत्तूकाका क्लबात गिटार वाजवायचे. ती गिटार त्यांच्याहून वयाने मोठी. एका अँग्लो-इंडियन रेल्वे गार्डने देश सोडताना दिलेली. रंग उडालेला, जागोजागी चरे. पण लाकूड वाळून वाळून इतकं बोलकं झालं होतं, की बाहेरच्या खोलीत एक तार छेडली तरी काकूला स्वयंपाकघरात ऐकू जायची.

तिकडे सरस्वतीपूजेला पुस्तकं, वाद्यं देवीपुढे मांडतात. त्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही; दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, उचलून वाजवायची. त्या वर्षी पूजेआधी काका तंजावरला गेलेले आणि घरी कपाटांना पॉलिश करायला माणूस आलेला. मी त्याला म्हटलं, "हिलाही दोन हात मार." त्याने प्रेमाने चार मारले.

काका पूजेच्या दिवशीच आले, देवीपुढे बघून म्हणाले, "अय्यो, नवरीसारखी दिसते की रे!" मी खूश.

विजयादशमीला सकाळी त्यांनी गिटार उचलली आणि तार छेडली. टक्. खोक्यावर टिचकी मारल्यासारखं. खुंटी पिळून पुन्हा छेडली. तेच. मग बराच वेळ छेडत राहिले.

आतून काकूचा आवाज आला, "अहो, वाजवा की! केव्हाची वाट बघतेय मी."

काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "आज नको," म्हणाले, आणि गिटार परत देवीपुढे ठेवली.

तिथून त्यांनी ती पुन्हा कधी उचलली नाही.