मासोळ्यांचा श्रावण

आमच्या गल्लीत त्या साली श्रावण नेमका कोनं पाळला, हे मले अजून समजलं नाही. पाऊस असा दडी मारून बसला, का तिकडे शेतात सोयाबीन वाळलं अन् इकडे राजापेठेत नळ हप्त्यातून एकदा. मी घरातल्या काचेच्या टाकीतलं मासोळ्यांचं जुनं पानी फेकत नव्हतो, अंगनातल्या पालकाले टाकत होतो. गल्लीत तेवढाच वाफा हिरवा. शेजारच्या काकू रोज एक जुडी न्यायच्या.

एक दिवस म्हने, "खत कोनतं टाकतं बापा?"

"खत कायचं काकू, मासोळ्यांचं पानी हाय."

जुडी हातातून पडली. "अरे, माहा श्रावण चालू हाय न!"

"मासोळ्या जित्त्या हायेत काकू. नुसत्या पोहतात."

"मंग चालते. शेनखतासारखंच झालं." काकूनं जुडी उचलली अन् थांबल्या. "पन त्या खातात काय?"

"वाळलेल्या झिंग्यांचा भुगा."

काकू तशाच घरी गेल्या अन् पोळी घेऊन आल्या.

"आजपासून त्यांले हेच चार. त्यांचाबी श्रावण."

आइतवारी मी मटन आनलं. जेवाले बसलो, ते टाकीकडे पाठ करून.