चढलेला सा

ऑकरिना म्हणजे काय ते आधीच सांगतो, नाहीतर मध्येच विचाराल. बटाट्याएवढी मातीची पोकळ शिट्टी, अंगावर भोकं. बोटांनी भोकं झाकायची आणि फुंकायचं. गेल्या वर्षी ऑनलाइन मागवली. म्हटलं, भूप रागातली एखादी बंदिश बसवू. पाचच स्वर, त्यात काय अवघड?

पहिला सा लागेना. या वाद्यात फुंक जरा वाढली की स्वर वर सरकतो. मी दम लावून लांब सा धरला, तर तो रडत रडत जो चढला, तो थांबेचना.

आतल्या खोलीत वडील दुपारचे झोपले होते. त्यांची कापडाची मिल बंद पडून कितीतरी वर्षं झालीत. तरी ते ताडकन उठले आणि चपला शोधत ओरडले, "अगं, भोंगा झाला की! डबा कुठाय?"

मी हसणार, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "भाकरी बांधतीय की, दोन मिनिटं थांबा."

आई बाहेर आली, तर तिच्या हातात खरोखरच फडक्यात गुंडाळलेल्या दोन भाकरी. वडिलांच्या एका पायात चप्पल. एकमेकांकडे बघून दोघं इतकी हसली, की आई डोळे पुसायला लागली.

आता बंदिश छान बसलीय. पण दुपारी वाजवायला घेतली की वडील म्हणतात, "गाणं राहू दे रे, भोंगा वाजव की."

आणि आतून आई म्हणते, "थांब रे, आधी भाकरी होऊ दे."