दुधापुढचं एकच नाव

पर्ल : नाही म्हणजे नाही, नोलन. हा पथ्याचा कागद भिंतीवर आहे तोवर माशांच्या चाउडर सुपाचं एक वाडगंही या खिडकीतून बाहेर जाणार नाही.

नोलन : पर्लमावशी, शहाण्णव मुलं तळ्यात पोहून आलीत. चमचे आपटतायत बाहेर. काय वाईट आहे माझ्या कागदात?

पर्ल : चाउडर दुधातलं आहे, आणि दुधापुढे तू एकच नाव छापलंयस. एकोणीस उन्हाळे या शिबिरात रांधतेय मी. दूध न चालणारं एकच पोर, असं एकदाही झालं नाही.

नोलन : यंदा झालं असेल. लॅपटॉपवरच्या प्रोग्रॅमनं एकही चूक दाखवली नाही.

पर्ल : त्याला कुठे ओठ आहेत सुजायला? कॅलेब ॲबटला आहेत. गेल्या वर्षी चमचाभर लोण्यानं त्याचा श्वास कोंडला, बोटीत घालून तळ्यापलीकडे दवाखान्यात न्यावं लागलं पोराला. त्याचं नाव कुठाय?

नोलन : मूळ यादीत आहे की. हे बघा. कॅलेब ॲबट : दूध, अंडं.

पर्ल : मग भिंतीवर का नाही? आणि ही नावं वाच. टिबेट्स, वॉकर, वुडमन, यॉर्क. ए-बी-सीवाल्यांना काय सगळं पचतं?

नोलन : थांबा. मूळ यादी आडनावांच्या क्रमानं आहे... अरे देवा.

पर्ल : देवाला नंतर बोलव. आधी मला सांग.

नोलन : पालकांकडून यादी आली ती मुलाच्या नावानुसार. नाव, आणि त्यापुढे न चालणारे पदार्थ. तुम्हाला स्वयंपाकघरात पदार्थ आधी हवा होता. म्हणून मी प्रत्येक जोडी उलटी केली. दूध, ॲबट. दूध, डायर. दूध, वुडमन. पण अशा यादीत एका पदार्थाला एकच खण असतो. डायर आत आला की ॲबट बाहेर. शेवटचा तेवढा उरतो, आणि यंत्र हूं की चूं करत नाही.

पर्ल : तपासलं नाहीस?

नोलन : तपासलं.

पर्ल : कुणाचं नाव बघून?

नोलन : आयव्हीचं.

पर्ल : तुझ्या पोरीचं.

नोलन : दुधापुढे आयव्ही वुडमन दिसलं आणि मी लॅपटॉप मिटला. लाज वाटतेय मला, मावशी.

पर्ल : वाटू दे, पण हात चालू ठेव. डॉरिस, दारातून डोळे वटारू नकोस! अजून वीस मिनिटं. पाणी पाज पोरांना!

नोलन : दहा पुरेत. मूळ यादी जशीच्या तशी आहे. तिला मी कधी हात लावत नाही, तिच्यातून दर वेळी नवी काढतो. एवढी एक सवय तरी कामी आली.

पर्ल : आणि त्या खणाचं काय?

नोलन : खणात एक नाव ठेवायचंच नाही, नावांची यादी ठेवायची. खण रिकामा असेल तर नवी यादी सुरू. आधीची असेल तर तिच्यात हे नाव जोडून पुढे. कुणी कुणाला ढकलायचं नाही.

(नोलनची बोटं लॅपटॉपवर भराभर चालतात. बाहेर चमचे वाजतात.)

नोलन : झालं. दुधापुढे सात.

पर्ल : मघाशीही झालंच होतं.

नोलन : म्हणून आता विश्वास ठेवू नका. मूळ यादीत चौतीस जोड्या आहेत, नव्या कागदावर चौतीस नावं. जुन्यावर नऊच होती, तेवढंही मी मोजलं नव्हतं. आता मी मूळ यादी वाचतो, तुम्ही खूण करत चला. एकही सोडायचं नाही.

पर्ल : वाच.

...

पर्ल : चौतीस. सगळी आहेत. आता सात वाडग्यांची सोय बघते. बिनदुधाचं मी एकच काढलं होतं.

नोलन : किती वेळ?

पर्ल : मासे आहेत, बटाटे आहेत. पाव तासात उकळते. तू खिडकीशी उभा राहा.

नोलन : राहतो. नाव विचारल्याशिवाय वाडगं सोडणार नाही.

पर्ल : आयव्ही बघ, रांगेत पहिलीच. तयार आहे ते तिच्याच नावाचं काढलेलं. देऊ तिला?

नोलन : नको. ते कॅलेबला द्या.