घोड्याचं हाड कन्हानले गेलं

…नाही, तुम्हीच सांगा ना, माणसानं अभ्यास कराचा कधी? आँ? तुम्हाले सांगतो, मी खाप्याचा, कास्तकाराचा पोरगा, ढोराचा डॉक्टर व्हाचं म्हणून नागपूरले आलो, धरमपेठेत खोली केली, अन् तिथंच फसलो! काहून की आपल्या श्रीधरची नागपुरात खोली हाय हे एकदा गावात कळलं, अन् सकाळच्या एसटीतून जो उतरे तो सीधा माह्या दारात! कोणाले दात काढाचा हाय, कोणाची कोर्टात तारीख हाय, कोणाले नुसतं नागपूर पाहाचं हाय… खाटेवर पाय वर घेऊन बसाचं, माह्याच हातचा चहा पेवाचा, अन् मलेच विचाराचं, "मंग? अभ्यास कसा चालू हाय गा?"

अरे, तू उठला तर चालू होईन ना बाप्पा!

अन् ढोराचं कॉलेज म्हटल्यावर तर सांगूच नका. आमचे रुपरावकाका आले, टोपी काढून मांडीवर ठेवली, "गोऱ्ह्याले हगवण लागली हाय, काय देऊ सांग." म्हटलं काका, मी पहिल्या वर्षाले हाओ, आम्ही अजून हाडंच शिकून राहिलो. तर म्हणे, "मंग हाडं पाहून सांग!" आता गोऱ्हा खाप्यात, मी धरमपेठेत, हाडं पाहू कशी? अन् जाता जाता दारातून वळून, "अभ्यास कसा चालू हाय गा?"

मीही काही मोठा संत नव्हतो हा! पाहुणा आला की पुस्तक मिटाले बहाणा भेटे, त्याच्यासंगं बर्डीच्या बाजारात फिरणं होये, हलवायाकडं बसणं होये… मजाच वाटे. मजा कुठपर्यंत? जिजाबाई येतपर्यंत!

जिजाबाई म्हणजे माही मोठी आई. डोळे दाखवाले आली. मी गेलो कॉलेजात, अन् तिनं घेतला झाडू. खाटेखाली माहं हाड! घोड्याच्या पुढच्या पायाचं, सीनियरच्या मागं लागून आणलेलं, परीक्षेसाठी! आता कोणाले विचारावं का नाही? "कोण्या बिचाऱ्याचं हाय कोणास ठाऊक, गतीले नाही लागलं" म्हणून तिनं ते धुतलं, हळद-कुंकू वाह्यलं, नव्या पंच्यात गुंडाळलं, अन् गावाले जाऊन कन्हान नदीत शिरवून मोकळी झाली! वरून निरोप, "तुह्या खोलीतला जीव सोडवला रे बापू, आता मन लागन अभ्यासात."

अन् परीक्षेत साहेबानं टेबलावर काय ठेवलं असन? तेच! "डाव्या पायाचं का उजव्या?" माह्या डोळ्यासमोर नुसती कन्हान वाहून राहिली! नापास.

घरी गेलो. आमच्या बाबांनी, चंपतरावांनी, "वावरात डवरणीले ये" इतकंच म्हटलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं! फेरपरीक्षा होती, पण ती शेवटची, तिथं नापास झालो की कॉलेजातून नावच कटणार. म्हटलं, जाऊ द्या, नाही होत आपल्याच्यानं. डवरा धरला… अन् बैलामागं चालता चालता पाहतो त काय, मी त्याच्या पायाची हाडं मोजून राहिलो! नावासकट! रडू आलं हो, खरं सांगतो. मले हेच कराचं होतं ना… मंग मी इथं काहून?

सीधा नागपूर. सीनियरच्या पाया पडून दुसरं हाड आणलं. शेजारच्या वामनरावले म्हटलं, ड्यूटीवर जाता ना, मले अंदर टाकून बाहेरून कुलूप लावा, संध्याकाळी उघडा. आयडिया कशी हाय?

फालतू! आपला माणूस कुलूप पाहून वापस जाते का? पायरीवर बसला! शिदोरी सोडली! मी अंदर घोड्याचं हाड छातीशी धरून बसलो, शिंकता येत नाही, खोकलता येत नाही, अन् बाहेर रुपरावकाका कांदा फोडून राहिले. "अभ्यास कसा चालू हाय कोणास ठाऊक…" जिजाबाई म्हणते, "येईन, येईन, बसू आपण."

अन् तेवढ्यात बाबांचा आवाज! तेही आले होते. अन् माह्या चपला… दाराबाहेरच! मी घामाघूम. बाबा खाकरले. मंग म्हणे, "उठा गा सारे. पोरगा नाही इथं, अन् परीक्षा होतपर्यंत येणार बी नाही. आपल्या गावच्या जयवंताची खोली हाय जरीपटक्याले, तिकडं जाऊ." सगळ्याईले उठवलं, पुढं धाडलं. मंग दाराच्या फटीतून हळूच, "चपला अंदर घेत जा रे बापू."

एवढंच. मी पुस्तकावर डोकं ठेवून रडलो, मंग उठलो अन् वाचाले बसलो. त्यानंतर खाप्याचा एक माणूस फिरकला नाही. फिरकू देतात का बाबा!

पास झालो! पुढं डॉक्टर झालो! अन् सरकारनं नेमणूक कुठं दिली? खाप्याले! दवाखान्यात दिवसभर माशा मारतो, अन् घरी जेवाले बसलो की अंगणात ढोरायची लाईन! सगळ्यात समोर कोण? आमचे बाबा, गाय धरून! म्हटलं बाबा, दवाखान्यात आणा ना. तर म्हणे, "तिथं नंबर लावा लागते. इथं मी बाप हाओ तुहा!"

ताट झाकलं, उठलो… सांगा, दुसरं काय कराचं?