कागदावर खिट्टी आहे

...आणि वर मलाच म्हणतात, काशिफ, तू फार संशय घेतोस. मी? तुम्हाला सांगतो, मी संशयी माणूस नाही, मी फक्त विचारतो. आणि विचारणं हा गुन्हा असेल तर फिजिक्स घेऊन बी.एस्सी. कशाला केलं मी, दापोलीत मामूच्या चपलांच्या दुकानात बसलो नसतो? तिथे निदान कोणी भरलेलं पिस्तूल घेऊन येत नाही.

नाही, पिस्तुलाचीच गोष्ट आहे, ऐका. मी क्लबमध्ये आहे ना, नेमबाजीच्या, दोहाच्या बाहेर, लुसैलच्या अंगाला, जिथे बघाल तिथे वाळू. पुढच्या वर्षी एशियन गेम्स, म्हणून या शहरात ज्याला त्याला नेमबाज व्हायचंय. वेस्ट बेच्या बँकेतली माणसं येतात, टाय सुद्धा न काढता पिस्तूल मागतात. मी हत्यारांच्या स्टोअरचा असिस्टंट. तर मागच्या महिन्यात अशाच एका टायवाल्याच्या हातून भरलेलं पिस्तूल निसटलं, नळी खाली, थेट फरशीवर, ठण्ण. आणि दोन हातांच्या अंतरावर उभा कोण? आमचा संपत. फलटणचा, फिटर म्हणून आला आणि आता टार्गेटं लावतो. पिस्तूल उडालं नाही, नशीब. संपतने आधी पायाची बोटं हलवून बघितली, मग मला विचारतो, "साहेब, ह्ये नुसतं पडून उडतंय व्हय?" मी म्हटलं, उडू शकतं. तर म्हणतो, "मग आधी सांगायचं की. सा म्हयनं झालं, सपाता घालून हुबा हाय मी."

आता हे बरोबर आहे का, तुम्हीच सांगा? जुन्या पद्धतीच्या पिस्तुलात काय असतं, चाप ओढला की मागचा घोडा पडतो, घोडा फायरिंग पिनवर बसतो, पिन पुढे जाऊन काडतुसाला टोचते, गोळी सुटते. ठीक. पण पिस्तूल नळीवर आपटलं तर? घोडा जागेवर, चाप जागेवर, पण पिन आपल्याच वजनाने पुढे सरकू शकते... अकरावीचं फिजिक्स आहे हो हे, जडत्व! म्हणून शहाण्या माणसांनी पिनेच्या वाटेत एक खिट्टी बसवली. वाटाण्याएवढी. चाप पूर्ण ओढल्याशिवाय ती बाजूला होत नाही, आणि ती बाजूला झाल्याशिवाय पिन हलत नाही. झालं. एवढ्याशा खिट्टीवर संपतचे दोन्ही पाय.

मी रहमानचाचांना लेखी दिलं. रहमानचाचा म्हणजे आमचे मॅनेजर, दाभोळचे, तीस वर्षं आखातात, कुठलाही प्रश्न "खलास" म्हणून संपवतात. ते म्हणाले, नवीन बारा पिस्तुलं घेऊ, खलास. मी म्हटलं, खिट्टीवालीच. ते म्हणाले, मेंबरांना जुन्या घाटाचंच हवंय, लोखंडी, जड, मागे घोडा दिसणारं, फोटोत शोभेल असं. मी म्हटलं, जुन्या घाटाचं घ्या, पण आत खिट्टी असलेलं मिळतं. तर म्हणाले, "पोरा, दिलावर आणतोय ना, त्याच्या कागदावर खिट्टी आहे."

कागदावर खिट्टी आहे. आता मी संशयी माणूस नाही, पण कागदावर तर आमच्या बिल्डिंगला लिफ्टही आहे.

तो दिलावर आला. महाडचा, हत्यारं पुरवणाऱ्या कंपनीचा एजंट, इस्त्रीचा शर्ट, अत्तर, आणि बोलणं असं की साखर कमी पडावी. "काशिफमियां, तुमच्यासारखा शिकलेला माणूस स्टोअरला आहे म्हणजे आम्ही निर्धास्त." का? तू निर्धास्त का? मी असल्यावर तुला घाम फुटायला हवा! नमुन्याची तीन पिस्तुलं ठेवली टेबलावर, एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर, तिन्हींत खिट्टी, हा बघा कागद, आणि चहा न घेता गेला. महाडचा माणूस चहा न घेता जातो, याचा अर्थ काय घ्यायचा?

मी विचार केला, उघडूनच बघू. दुपारी सगळं दोहा झोपतं, रहमानचाचा खुर्चीतच घोरत होते, मी दोन नंबरचं पिस्तूल घेतलं, पुस्तिका समोर धरली आणि खोललं. वरची सरकती स्लाइड काढली, पिन काढली, आतले बारीकसारीक भाग टेबलावर घरंगळले, सगळं निरखून पाहिलं, यातली खिट्टी नेमकी कुठली ते कळेना, पण माल कंपनीचाच दिसत होता. तिन्ही खोलणार होतो, पण पुस्तिकेची पुढची पानं जर्मनमध्ये निघाली आणि माझा धीर संपला. पुन्हा जुळवलं. चाप ओढून बघितला, घोडा टक्कन पडला. उत्तम.

दुसऱ्या दिवशी आमच्या कोचनी, खलीलसाहेबांनी, तिन्ही चालवून बघितली. खलीलसाहेब मोजकं बोलतात. एक नंबर, मान हलवली, म्हणाले चाप जरा किरकिरतो. तीन नंबर, तेच. दोन नंबर चालवलं आणि थांबले. पुन्हा चालवलं. म्हणाले, हे लोणी आहे, बारा अशीच घ्या.

आणि माझ्या डोक्यात दिवा लागला. लोणी का? एकाच कंपनीचं, एकाच घाटाचं, मग याचाच चाप मऊ का? तर तुम्हाला माहीत नसेल, काही कारागीर खिट्टीच काढून टाकतात! चापाला ती उचलावी लागत नाही, ओढ हलकी होते, नेमबाज खूश, माल खपतो. मी तिथल्या तिथे तिन्हींच्या स्लाइडी उतरवल्या आणि मागून पिन दाबली. एक नंबर, पुढे येत नाही. तीन नंबर, येत नाही. दोन नंबर... पिनेचं टोक पुढून बाहेर आलं, जीभ दाखवल्यासारखं.

मी रहमानचाचांना म्हटलं, बघा. ते म्हणाले, दिलावरला फोन करून विचार. विचार? चोराला विचारायचं, बाबा रे चोरी केलीस का? आपल्या लोकांचं हेच चुकतं, सगळं फोनवर, सगळं ओळखीत, लेखी काही नाही. मी दोन पानी तक्रार टाइप केली, 'हेतुपुरस्सर फसवणूक', 'मानवी जीविताशी खेळ', आणि दिलावरच्या कंपनीला नाही, थेट त्याच्या कफिलला फॅक्स केली, म्हणजे ज्याच्या सहीवर त्याचा व्हिसा आहे त्यालाच. अर्ध्या तासात दिलावरचा फोन. आवाजात साखर नाही. म्हणाला, "काशिफ, मी पेटी सुद्धा उघडलेली नाही रे. साहेबांनी पासपोर्ट घेऊन बोलावलंय, घरी धाडतील. माझी माहनूर दहावीला आहे, तीन महिन्यांवर परीक्षा आहे तिची."

आणि मी काय विचार केला सांगू? मी म्हटलं, बघा, आता पोरीला मध्ये आणतोय.

फोन ठेवला. फाइलसाठी तक्रारीची प्रत काढली. आता आमच्याकडे कागद टाचणीनेच जोडायचे, कारण स्टेपलरने कागद फाटतो असं रहमानचाचांचं मत आहे आणि ते तीस वर्षांत बदललेलं नाही. टेबलावर टाचण्यांची ती डबी असते ना, तोंडाशी लोहचुंबक बसवलेली, मी न बघता तिच्याकडे हात नेला, दोन टाचण्या आल्या. आणि टाचण्यांबरोबर एक वाटाण्याएवढं लोखंड आलं. आणि मागोमाग एक इवलीशी स्प्रिंग.

मी ते तळहातावर घेतलं. समोर संपत उभा, तोही पुढे वाकला. म्हणाला, "ह्येच काय ते?"

हेच ते. म्हणजे मी पिन काढली तेव्हा खिट्टी टेबलावर पडली, टेबलावरून चुंबकाला गेली, आणि मी तिच्याविनाच पिस्तूल जुळवून मोकळा झालो. आणि गंमत बघा, खिट्टी नसली तरी पिस्तूल काही बोलत नाही! आधीपेक्षा छान चालतं! मी संशयी माणूस नाही, पण हे असलं यंत्र ज्याने बनवलं त्याला मला काही विचारायचंय.

मग काय करणार? एकदा वाटलं, गुपचूप बसवून टाकावी. खरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. कोणाला कळणार होतं, संपतला? संपत म्हणाला, "दहावी म्हंजी लई अवघड असतीय साहेब." एवढंच. आणि गाडीची किल्ली घेऊन बाहेर जाऊन उभा राहिला.

वेस्ट बेला पोचलो तर कफिलच्या केबिनबाहेर दिलावर बसलेला, शर्टाची इस्त्री मोडलेली, मांडीवर पासपोर्ट. मी आत गेलो, टेबलावर खिट्टी ठेवली, म्हटलं, ही त्याने काढली नाही, ही माझ्याकडे होती. माझ्या टाचण्यांत. त्या साहेबांनी तो वाटाणा चिमटीत धरून उजेडात बघितला. मग त्यांनी दिलावरला आत बोलावलं, पासपोर्ट ठेव म्हणाले खिशात, आणि माझ्यासाठी चहा मागवला. आरड्याओरड्याची तयारी करून गेलो होतो हो मी. चहा कसा प्यायचा अशा वेळी? खाली जाताना लिफ्टमध्ये दिलावर म्हणाला, "मला आधी फोन केला असतास तर मीच म्हटलं असतं, टेबल बघ."  आणि तळमजल्यावर उतरून शर्टाची इस्त्री हाताने सारखी करत निघून गेला.

तर बारा पिस्तुलं आली. जुन्या घाटाची, जड, मागे घोडा, आणि बाराच्या बारांत खिट्टी, खलीलसाहेब किरकिर करतात, करू देत. माझाच मुद्दा मान्य झाला म्हणायचा. फक्त करारात शेवटी एक अट नव्याने टाइप झालीय: सदर पिस्तुलं काशिफ यांनी उघडल्यास कंपनीची हमी संपुष्टात येईल. मला वाटलं, दिलावरने सूड घेतला. तर नाही, रहमानचाचांनी स्वतः सांगून घातली. मी ती तीनदा वाचली, कुठे काही लपवलंय का म्हणून. नाही हो. अगदी रास्त अट आहे.